वाळूवरचा अंगठा

शर्मिष्ठाच्या पत्रिकेत मंगळ होता आणि त्या मंगळाने तिची चार स्थळं परतवून लावली होती. चौथं तर अभनपूरचं, धान्याच्या अडतवाल्यांचं, साखरपुड्याची तारीख काढून परत गेलं. त्यानंतर तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, तो विषयच बंद केला. म्हणून चौतिसाव्या वर्षी तिला घरबसल्या काम मिळालं आणि तेही मंगळाचंच निघालं, तेव्हा शेजारच्या शांताकाकू पदराआड हसल्या. "चार जागी आडवा आला मेला," त्या म्हणाल्या, "आता पोसून राह्यला तं पोसू दे."

काम तसं सोपं होतं. मंगळाभोवती यानं फिरतात, ती खालचे फोटो काढतात. तिथे पाणी नाही, झाड नाही, चिटपाखरू नाही. वारा आहे आणि वाळू आहे, आणि त्या वाऱ्याला दुसरा उद्योग नाही. तो वाळूच्या टेकड्या घडवत बसतो, चंद्रकोरीच्या आकाराच्या, दोन शिंगं पुढे काढलेल्या. शर्मिष्ठाने माउसने त्या टेकडीची धार आखायची, म्हणजे जिथे चढ संपून उतार लागतो ती रेघ, आणि मग तिच्या अंगावरच्या बारीक लहरी. अशा हजारो रेघा पाहून म्हणे संगणक शिकतो. कंपनी दुसऱ्या शहरातली होती. तिथली सरिता नावाची बाई फोनवर हिंदीत बोलायची आणि फोटोंचे फोल्डर पाठवायची.

पुरानी बस्तीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शर्मिष्ठाचं टेबल, मागे तख्तावर बाबाराव. महामायेच्या देवळातली घंटा दोन्ही वेळा ऐकू यायची. आई, शारदा, सहा वर्षांपूर्वी गेली होती. घरात माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाचं बोलणं बंद झालेलं.

बाबाराव शहराबाहेरच्या उरल्यात, ढलाईच्या म्हणजे ओतकामाच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोल्डर होते. मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारा. लोखंडी पेटीत काळी ओलसर वाळू ठोकून बसवायची, तिच्यात हव्या त्या भागाचा आकार उठवायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड ओततात. आतली वाफ निघून जायला वाळूत सायकलच्या तारेने भोकं पाडावी लागतात. बाबाराव ती चार-चार, एकाच पद्धतीने पाडत. तीन ओळीत, एक बाजूला. तसं काहून, म्हणून विचारलं तर म्हणत, हाताची सवय.

साचा पुरा झाला की कोपऱ्यात अंगठा दाबायचा, ही तिथली रीत. ज्याचा अंगठा त्याची पेटी. माल बिघडला तर साहेब अंगठा पाहून माणूस बोलावणार, म्हणून दुसऱ्याच्या अंगठ्याला कोणी हात लावत नसे. बाबारावांनी मात्र एक वर्षभर लावला. गौतम नावाचा त्यांचा सोबती होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, साचे बिघडवू लागला होता. नोकरी जायची वेळ आली. ऑपरेशन होईपर्यंत बाबाराव रोज त्याचा अंगठा पुसून आपला दाबत आणि शिव्या आपण खात. शारदा यावरून खूप बोलायची. ते आपला उजवा अंगठा दाखवत. पेटी पडून तो चपटा झालेला होता, चमच्याएवढा रुंद. "माहा अंगठा मोठा हाये, शारदा," ते म्हणत, "झाकून जाते."

आणखी एक रीत होती. मोल्डर कायमचा घरी जायला निघाला की आपल्या जागेवरची वाळू सपाट करतो आणि तिच्यावर अंगठा ठेवत नाही. म्हणजे आता इथे माझं काही नाही. मग त्या जागी येणारा नवा माणूस तिथे आपला अंगठा दाबतो आणि जागा त्याची होते. बाबाराव निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हे घरी येऊन जेवताना सांगितलं होतं, आणि सांगता सांगता त्यांचा घास हातातच राहिला होता.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, जे काय परत यायचं ते पहिल्या सहा-आठ महिन्यांत येईल. टिकरापाऱ्याहून भार्गव नावाचा मुलगा व्यायाम द्यायला येऊ लागला. फेब्रुवारीत त्याने सांगितलं, "दीदी, एक परात में बारीक रेत रखो. अंकल का हाथ उसमें चलाओ. उंगलियों को कुछ महसूस होगा."

गल्लीच्या तोंडाशी एक घर बांधलं जात होतं. तिथून खारून नदीची पिवळट रेती आणून शर्मिष्ठाने पिठाच्या चाळणीने चाळली, धुतली, वाळवली. परात मांडीवर ठेवली तेव्हा बाबारावांनी डाव्या हातात मूठभर रेती घेतली, दाबली, मूठ उघडून पाहिली. वाळू धरते का, हे मोल्डर असंच पाहतात. मग उजवा हात उचलून बाजूला ठेवला, ओझं ठेवावं तसा, आणि डाव्याच हाताने काम सुरू केलं. भार्गव म्हणाला, "हव, चलेगा. लेफ्ट करेगा तो राइट देखेगा."

नेमका त्याच दिवशी सरिताने नवा फोल्डर पाठवला. एकाच जागेचे चाळीस फोटो. मधोमध एक मोठी टेकडी, बाजूला दोन-चार पिल्लं, आणि अंगभर लहरी. एका फोटोला एक दिवस सहज जायचा. शर्मिष्ठा रविवारीही करायची, कारण रविवारी तरी दुसरं काय होतं. कामाच्या सूचनांत लिहिलं होतं की तिथली टेकडी सरकते ती वर्षाला एखाद-दोन हात. ही टेकडी मात्र प्रत्येक फोटोत वेगळीच दिसत होती. शर्मिष्ठाला वाटलं, फोटोंची सरमिसळ झाली असेल. आपल्याला काय, रेघ मारल्याशी मतलब.

बाराव्या दिवशी दुपारी वरण गॅसवर ठेवून ती परात उचलायला गेली आणि थांबली. परातीत चंद्रकोर होती. डावं शिंग लांब, उजवं आखूड आणि टोकाशी वळलेलं. पाठीवर लहरी, आणि एका ठिकाणी दोन लहरी एकमेकींत मिसळून पुढे एकच झालेली. तिने तीच जागा सकाळी तासभर डोळे फोडून आखली होती. मागे वळून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. तेच.

शर्मिष्ठा हुशार मुलगी. गणितात बीएस्सी, उगाच भुताखेतांच्या मागे लागणाऱ्यातली नव्हे. तिने पाहिलं, तख्तावरून पडदा दिसतो. बाबा दिवसभर पडून पडून पाहत असतील आणि तेच काढत असतील. तिला उलट बरं वाटलं, डोकं शाबूत आहे म्हणून. तरी संध्याकाळी तिने टेबल फिरवून पडद्याची पाठ तख्ताकडे केली.

दुसऱ्या दिवशी परातीत तेराव्या फोटोतली टेकडी होती. चौदाव्या दिवशी चौदाव्यातली.

पंधराव्या दिवशी तिने काम सुरूच केलं नाही. आधी बाबांना परात दिली, त्यांचं झाल्यावर मोबाइलने फोटो काढला, आणि मगच पंधरावी फाइल उघडली. टेकडीच्या दोन शिंगांच्या मध्ये चार काळे ठिपके होते. तीन ओळीत, एक बाजूला. मोबाइलमध्येही ते तसेच होते, बाबांनी करंगळीने पाडलेले. वरण करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं की आपण बराच वेळ उभ्या आहोत.

तिने सरिताला फोन लावला आणि आवाज साधा ठेवून विचारलं, या फोटोत चार ठिपके आहेत, ते आखायचे का.

"अरे वो कैमरे की गड़बड़ होती है," सरिता म्हणाली. "स्किप मार दो."

"ये फोटो कब के हैं, दीदी?"

"पुराने हैं. सबसे नया वाला भी तीन साल पुराना होगा. क्यों?"

तीन वर्षांपूर्वी बाबाराव दोन्ही पायांवर चालत बूढा तालाबाला फेरी मारून येत होते आणि येताना जलेबी आणत होते. म्हणजे बाबांचा हात तिथली वाळू हलवत नव्हता. तिथली वाळू आधीच हलून बसली होती, आणि इथे हात मागून येत होता.

यावर तिने कोणाशी काही बोलायचं नाही असं ठरवलं. कोणाशी बोलणार? शांताकाकू लिंबू उतरवायला बसल्या असत्या. तिने बाबांनाच विचारलं, परात मांडीवर असताना.

"बाबा, हे तुमी काय काढून राह्यले?"

बाबारावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर स्वच्छ होती. त्यांनी रेतीवर हलकी फुंकर मारली, साच्यातला सुटा कण उडवायला मारतात तशी, आणि पुन्हा खाली पाहू लागले.

त्यानंतर ती रोज सकाळी त्या दिवसाची फाइल उघडायची आणि मग परातीत ते येताना पाहायची. एकदा तिने निम्मी रेती काढून ठेवली. टेकडी लहान आली, पण तीच आली. भार्गव खूश होता, म्हणाला अंकलचा डावा हात आता मिस्त्रीसारखा चालतो. रेती मात्र काळवंडत होती. ती खारूनची पिवळी रेती आता कारखान्यातल्या ओतकामानंतरच्या वाळूसारखी दिसायची. लहानपणी बाबांच्या कपड्यांना यायचा तसा जळका वासही तिला येई. हात लागून मळली असेल, म्हणून तिने ती धुतली. पाणी स्वच्छच निघालं.

एकतिसाव्या दिवशी तिने परात दिलीच नाही. बघू या, म्हणाली मनात, आता काय करता ते. कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि पुढची फाइल मुद्दाम न उघडता बसली. बाबाराव दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, दुपारी जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिने एकतिसावी फाइल उघडली. पूर्ण काळी. खाली एवढंच लिहिलं होतं की या दिवशीची माहिती पृथ्वीपर्यंत पोचली नाही.

मग तिने उरलेल्या सगळ्या फाइली एकापाठोपाठ एक उघडल्या. बत्तीस, तेहेतीस, अशा एकोणचाळीसपर्यंत. टेकडी लहान होत चालली होती, शिंगं आखडत होती.

चाळिसावीत टेकडी नव्हती. लहर नव्हती, भोकं नव्हती. वाळू सपाट होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पट्टी फिरवल्यासारखी. तिने चारही कोपरे मोठे करून पाहिले. कुठेही काही नव्हतं. फोल्डर तिथे संपत होता.

शर्मिष्ठाला ते समजायला कोणी सांगावं लागलं नाही. मोल्डरची मुलगी ती. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडावर ओला हात दाबून रडली. तिला बाबांशिवाय कोणी नव्हतं आणि तिला ते हवे होते, मुके, पांगळे, कसेही. बाहेर येऊन ती तख्तावर बसली.

"बाबा, मले सोडून नका जाऊ," ती म्हणाली. "तुमचं सगळं करतो मी. कंटाळत नाही. नका जाऊ."

बाबारावांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

उरलेले दिवस तिने त्यांना आवडीचं करून घातलं. तांदळाचा चिला, वाफवलेला फरा, एकदा पुरणपोळी. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, बीपी बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. चाळिसाव्या दिवशी परात लपवायची, असं तिने आधी ठरवलं होतं. पण एकतीसच्या काळ्या फोटोची तिला जास्त भीती वाटत होती. निदान डोळ्यांसमोर तरी असावं.

तो मंगळवार होता. सकाळचे नऊ. खिडकीतून ऊन आलेलं, गल्लीत भाजीवाली ओरडत होती.

तिने परात त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबारावांनी तळहाताची कड रेतीवर टेकवली आणि एका दमात अलीकडून पलीकडे नेली. मग पुन्हा एकदा. रेती सपाट झाली. इतकी सपाट की त्यात उन्हाची तिरीपही मोडली नाही.

मग त्यांनी हात मागे घेतला आणि डोळे मिटले.

श्वास सावकाश होत गेला. ती मोजत होती. एक श्वास आला आणि पुढचा यायला फार वेळ लागला.

तिने पुढे वाकून परातीच्या कडेला आपला अंगठा दाबला. विचार केला नाही. लहानपणी विळीने कापलेला अंगठा, तिरपी खूण पडलेला. ती खूण रेतीत स्पष्ट उमटली.

बाबारावांनी डोळे उघडले.

त्यांनी त्या ठशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सात महिन्यांत तिने त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती. झटका आला त्या दिवशीसुद्धा नाही. ती आता दिसली.

त्यांचा उजवा हात उचलला गेला.

सात महिने ओझ्यासारखा पडलेला हात इंच इंच परातीपर्यंत आला. त्याने तिचा अंगठा पुसला. मग तो चपटा, रुंद अंगठा त्याच जागी खाली आला आणि दाबला गेला.

"माही," बाबाराव म्हणाले. आवाज गंजलेल्या कडीसारखा होता. "पेटी माही हाये."

दहाला भार्गव आला तेव्हा बापलेक दोघंही रडत बसलेली होती. त्याने उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली आणि तो स्वतःच पायरीवर जाऊन बसला. मग पेढे आणले. शांताकाकूंनी महामायेला नारळ फोडला. शर्मिष्ठाने दुपारी चाळिसावी फाइल उघडली. सपाट वाळूच्या कोपऱ्यात एक रुंद खळगा होता, एका बाजूने चपटा. तो आधी नव्हता, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. तिने फोल्डर पाठवून दिला आणि सरिताला सांगितलं, मला आता दुसरं काही तरी द्या. हल्ली ती रस्त्यावरच्या गाड्यांभोवती चौकोन काढते.

बाबाराव बोलतात आता. तुटक, पण बोलतात. काठी घेऊन दारापर्यंत जातात. भार्गव म्हणतो, परात आता उचलून ठेवली तरी चालेल, आणि शर्मिष्ठाने ती खरंच उचलून फडताळावर ठेवली होती, वर ताट झाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट काढलं तर रेतीच्या कडेला अंगठा होता. बाबांचा नव्हता. लहान, त्यावर तिरपी खूण. तिने रेतीला हात लावलेला नव्हता.

बाबारावांनी ते पाहिलं. "इकडे दे," एवढंच म्हणाले. तो ठसा पुसला आणि आपला दाबला.

तेव्हापासून हे रोज होतं. ती रेती खारूनमध्ये टाकून द्यायची म्हणाली तेव्हा त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "उघडी रेती बरी," ते म्हणाले. "अंगठा दिसते तरी." ते पहाटे तिच्या आधी उठतात, भिंत धरून फडताळापर्यंत जातात आणि ते काम उरकून टाकतात, तिला दिसू नये म्हणून. तिला काठीचा आवाज ऐकू येतो. ती डोळे मिटून पडून राहते, आणि ते परत येऊन पडले की उठून चहा ठेवते. एकदा तिने म्हटलं, "बाबा, किती दिवस करान असं?" ते हसले. त्यांनी उजवा अंगठा वर करून दाखवला.

"मोठा हाये," म्हणाले. "झाकून जाते."

आज सकाळी काठीचा आवाज आला नाही.

शर्मिष्ठा साडेसहाला उठली. देवळातली घंटा होऊन गेली होती. तिने फडताळावरची परात खाली काढली, ताट उचललं. लहान अंगठा तिथेच होता, तिरपी खूण ताजी, कडेचा एक कणसुद्धा ढासळलेला नव्हता.

ती परात मांडीवर घेऊन तख्ताशी बसली. बाबारावांचा उजवा हात चादरीबाहेर होता, अंगठा वर. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत तिच्या पावलांपर्यंत आलं, मग परातीपर्यंत.

बाबाराव अजून उठले नव्हते.